ट्विन सिलिंडर बाईकचं स्लो रफ झालंय? आधी डावं-उजवं करून बघा

सिंगल सिलिंडर गाडीवरून पहिल्यांदा ट्विनवर आलेल्या माणसाची महिन्या-दोन महिन्यांत एक तक्रार ठरलेली असते, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, स्लो (मूठ न पिळता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो) एकसारखं राहत नाही, मधेच मिस मारते, कधी कधी बंदच पडते. मग तो कोपऱ्यावरच्या गॅरेजात जातो, तिथे स्लो वाढवून देतात, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. स्लो वाढवल्याने दोष जात नाही, फक्त ऐकू येईनासा होतो, आणि पुढच्या माणसाला शोधायला दुप्पट अवघड होऊन बसतो. त्यामुळे पहिला नियम असा की कारण सापडेपर्यंत स्लोच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट अशी की ट्विनमध्ये तुमच्याकडे एक अशी सोय आहे जी सिंगलवाल्याला नाही. एक सिलिंडर बिघडला तरी दुसरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, म्हणजे बरोबर कसं दिसायला हवं याचा नमुना तिथेच शेजारी, त्याच गाडीवर, तेच पेट्रोल पिऊन चालू असतो. खालचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, डावं उजव्याशी ताडून बघायचं. मी उदाहरण मुख्यतः रॉयल एनफिल्डच्या ६५० चं घेतोय, इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी, कारण २०१८ च्या नोव्हेंबरात त्या आल्यापासून आपल्याकडे नवखे ट्विनवाले सगळ्यात जास्त त्याच गाड्यांवर दिसतात. पण कावासाकीची निन्जा ३०० असो नाहीतर दुसरी कुठली पॅरलल ट्विन (दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी असलेली), विचार करायची पद्धत तीच. जुन्या कार्बवाल्या (इंजेक्शनऐवजी कार्बुरेटर असलेल्या) गाड्यांचं आणि आर डी ३५० चं शेवटी वेगळं लिहिलंय.

खरंच रफ आहे का, आधी ते ठरवा

हे हसण्यावारी नेऊ नका, कारण "बिघडलेल्या" म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्या मुळात धडधाकट असतात. ६५० चा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) २७० अंशाचा आहे. म्हणजे एक सिलिंडर पेटला की दुसरा २७० अंशांनी पेटतो आणि मग परत पहिल्याची पाळी यायला ४५० अंश लागतात, दोन्ही मिळून ७२०. दोन ठोके जवळ, मग जरा थांबा, परत दोन ठोके जवळ. हा लंगडा ताल त्या इंजिनचा जन्मजात आहे, ते तसंच वाजणार. निन्जा ३०० चा क्रँक १८० अंशाचा, तिथे अंतर १८० आणि ५४० असं पडतं, म्हणून तिचा आवाज वेगळा. जुन्या ब्रिटिश ट्विन बहुतेक ३६० अंशाच्या, त्यात ठोके समान अंतरावर. तेव्हा शेजारच्याच्या वेगळ्या गाडीचा आवाज ऐकून आपल्या गाडीला नावं ठेवू नका, ताडायची असेल तर त्याच मॉडेलशी ताडा.

ताल लंगडा असणं वेगळं आणि अनियमित असणं वेगळं. दोन मिनिटं नुसतं ऐका. तोच लंगडा ताल न चुकता परत परत येतोय, टॅकोमीटरचा काटा एका जागी जेमतेम हलतोय, तर गाडी ठीक आहे. काटा वरखाली पोहतोय, किंवा ठोक्यांच्या रांगेतून एखादा ठोका गायब होतोय आणि त्याच क्षणी आरशात मागची गाडी हादरतेय, तर ते मिसिंग. सायलेन्सरच्या तोंडाजवळ हात धरला की ते आणखी कळतं (जवळ म्हणतोय, चिकटवून नाही), धक्के ठरावीक लयीत येतात की मधेच फुसका जातो ते तळहाताला लगेच जाणवतं. ६५० ला सायलेन्सर दोन आहेत पण दोन्हीकडची हवा खाली जोडनळीतून एकमेकांत मिसळते, त्यामुळे डावा सायलेन्सर म्हणजे डावा सिलिंडर असा हिशोब करू नका.

गार इंजिनचं स्लो जास्त असतं, ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम वाढवतो, गरम होत गेलं की खाली येतं. म्हणून स्लो ऐकून ठरवायचं ते गाडी नीट गरम झाल्यावर, आणि काय होतंय ते लिहून ठेवायचं: गार असतानाच होतं की गरम झाल्यावर, फक्त न्यूट्रलला की क्लच दाबून गिअरमध्येही, पावसात जास्त की कायम. किरकोळ वाटतं पण अर्धं निदान यातच होतं. गार असताना त्रास आणि गरम झाली की गायब, तर प्लग, करंट (प्लगला ठिणगी देणारी वीज), पेट्रोल यांच्याकडे बघा. उलटं, गरम झाल्यावरच त्रास, तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली गॅप) घट्ट झालेत का किंवा एखादी कॉइल (प्लगसाठी करंट तयार करणारा भाग) तापून दम सोडतेय का ते बघायचं.

आणि हो, बंद पार्किंगमध्ये, बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून हे उद्योग करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. गाडी उघड्यावर काढा.

पाना हातात घेण्याआधी

स्वतःला एक प्रश्न विचारा, त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीला काय झालं होतं? सर्व्हिसिंग झालं, वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतली, दोन महिने झाकून उभी होती, नवा सायलेन्सर बसवला, भर पावसात ताम्हिणी केलं. दहातल्या सात-आठ वेळा कारण त्या उत्तरातच असतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालं असेल तर काढलेला एखादा कनेक्टर नीट बसलेला नसेल, एअर फिल्टरचं झाकण तिरकं लागलं असेल, एखादी पातळ रबरी नळी परत लावायची राहिली असेल. सीट काढा, साईड पॅनल काढा आणि नुसतं बघा. प्रत्येक कनेक्टर बोटाने दाबून बघा, लॉक बसल्याचा टक आवाज यायला हवा.

फ्री-फ्लो सायलेन्सर किंवा खुला एअर फिल्टर लावलाय आणि ईसीयूचं काहीच केलेलं नाही, तर स्लोला गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालणार, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजणार. मूळ सायलेन्सर परत लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे, पण तो करायला कोणी तयार होत नाही कारण आवाज जातो ना.

मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागलाय का बघा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो आणि ईसीयू चुका लक्षात ठेवतो. दिवा असेल तर आधी कोड वाचून घ्या, सर्व्हिस सेंटरला किंवा ओळखीत कोणाकडे स्कॅनर असेल तर त्याच्याकडे, गाडीच्या सॉकेटला लागणारी वेगळी केबल मात्र हवी. कोड म्हणजे शेवटचं उत्तर नव्हे. "उजवा सिलिंडर मिसफायर" असं आलं तर प्लगपासून टॅपेटपर्यंत काहीही असू शकतं, पण निदान बाजू तरी कळली.

बॅटरी. इंजेक्शनच्या गाडीत पंप, इंजेक्टर, करंट, ईसीयू सगळं तिच्या जिवावर. मल्टिमीटर लावा, रात्रभर उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास व्होल्ट यायला हवेत, गाडी चालू करून जरा रेस केली की १४ च्या आगेमागे. चालू गाडीला १३ च्या खाली राहत असेल तर चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे, तो आधी सोडवा. टर्मिनलचे स्क्रू हाताने हलतात का तेही बघा, हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही.

कुठला सिलिंडर? पाण्याचा थेंब सांगतो

आता मुख्य काम. गाडी पूर्ण गार असताना चालू करा, रेस न करता मिनिटभर स्लोवर ठेवा. एका बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, नाहीतर ड्रॉपरने, दोन्ही बेंडपाईपवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या नळ्यांवर) इंजिनच्या अगदी जवळ पाण्याचा एकेक थेंब टाका. चालू सिलिंडरच्या पाईपवर थेंब चुर्र करून उडून जातो. आळशी सिलिंडरच्या पाईपवर तो नुसता ओघळतो, किंवा बराच वेळ बसून मग हळूहळू वाफ होतो. एवढ्याशा टेस्टने निम्मा गोंधळ संपतो. थेंबच टाका, तापलेल्या पाईपवर पाण्याची धार मारू नका.

इन्फ्रारेड थर्मामीटरची गन असेल तर उत्तमच, पण एक लक्षात ठेवा, चकचकीत स्टील किंवा क्रोमवर ती भलतंच कमी तापमान दाखवते. म्हणून आकड्यावर जाऊ नका. दोन्ही पाईपवर अगदी त्याच उंचीला, तेवढ्याच अंतरावरून धरा आणि फक्त फरक बघा. थोडा फरक चालतो, एका बाजूला वारा लागतो वगैरे. एक पाईप दोनशे अंशांच्या वर आणि दुसरा शंभराच्या आतबाहेर असं असेल तर तो सिलिंडर स्लोला कामच करत नाहीये.

काही जुने मेकॅनिक चालू गाडीत प्लगची कॅप ओढून काढतात आणि आवाज बदलतो का बघतात. कार्ब आणि पॉइंटच्या (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जुन्या पट्ट्यांच्या) जमान्यात ते चालून जायचं, इंजेक्शनच्या गाडीत अजिबात करू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आत किंवा ईसीयूकडे वाट शोधतो, आणि नाहीतर तुमच्या हाताकडे.

यातून पुढची वाट फुटते. एकच सिलिंडर गार असेल तर दोष त्याच्या एकट्याच्या सामानात शोधा: प्लग, कॅप, कॉइल, इंजेक्टर, मॅनिफोल्डचं रबर, टॅपेट, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). दोन्ही सारखेच तापलेत पण दोन्ही मिळून रफ आहेत तर दोष सामाईक आहे: पेट्रोल, बॅटरी, एअर फिल्टर, पंपाचं प्रेशर, थ्रॉटलचा सेन्सर, नाहीतर दोघांचा एकमेकांशी न जमलेला बॅलन्स.

प्लग काढा, शेजारी शेजारी ठेवा, मग अदलाबदल

इंजिन गार झाल्यावरच. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढायला गेलात तर आटे निघून हातात येतात आणि मग खरा खर्च सुरू होतो. प्लगच्या खोबणीत माती, वाळू, कधी पाणी साचलेलं असतं, ते आधी हवेने उडवा, नाहीतर प्लग निघताच सगळं सिलिंडरमध्ये पडणार.

दोन्ही प्लग काढून पांढऱ्या कपड्यावर ठेवा, कुठला डावा कुठला उजवा ते लिहा. टोकाचा पांढरा चिनी मातीचा भाग बघा. फिक्कट तपकिरी, बिस्किटासारखा रंग असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी फक्त दूध आणायला दोन किलोमीटर फिरतेय. खडूसारखा पांढराफट म्हणजे लीन, कुठून तरी जास्तीची हवा घेतेय. काळा आणि तेलकट म्हणजे ऑईल वर येतंय, ती गोष्ट मोठी आहे. आणि पेट्रोलने ओला, वास येणारा, म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, करंट नाही. एकाच प्लगकडे बघून नवख्याला काही कळत नाही, रंग फसवतात, पण दोन शेजारी ठेवले आणि एक बिस्किट, एक कोळसा दिसला तर सांगायला कोणी लागत नाही.

मग अदलाबदल. समजा उजवा सिलिंडर गार आहे. डावा प्लग उजवीकडे, उजवा डावीकडे लावा. प्लग आधी नुसत्या बोटांनी आट्यात बसवायचा, बोटाने सहज फिरतोय याची खात्री झाल्यावरच पाना. गाडी चालू करून परत थेंब टाका. आता डावा गार पडला तर प्लग वाईट होता, मिटलं, नवी जोडी घाला (दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना नको). अजूनही उजवाच गार असेल तर प्लग निर्दोष, पुढे कॅप, मग कॉइल असंच इकडचं तिकडे. प्रत्येक वेळी एकच वस्तू बदलायची. दोन एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही.

कॉइल बदलताना एक खबरदारी. कॉइलच इकडची तिकडे करायची, तिच्याकडे येणारी वायरिंगची वायर जिथली तिथेच राहिली पाहिजे. वायरी उलटसुलट केल्या तर करंट भलत्या सिलिंडरला भलत्या वेळी जाईल, २७० किंवा १८० अंशाच्या इंजिनात ती गाडी एक तर चालू होणार नाही नाहीतर बंदूक उडाल्यासारखा फटका मारेल.

पावसाळ्यात आणि धुतल्यानंतर येणारा मिसिंगचा त्रास बहुतेक इथलाच असतो, कॅपमध्ये ओल. रात्री अंधारात, गाडी उघड्यावर चालू ठेवून, लांबून फवारणीच्या बाटलीने प्लगच्या वायरीवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा आणि हात मागे घ्या. कुठे वायर चिरली असेल, कॅप तडकली असेल, तर तिथून इंजिनच्या धातूकडे निळी ठिणगी उडताना डोळ्यांनी दिसते आणि बारीक टिकटिक ऐकू येते. दिवसा हे काहीच दिसत नाही. कॅप बरी असून नुसती ओली असेल तर काढून हेअर ड्रायरने वाळवा, आतल्या रबराच्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीस पातळ लावा, पाऊसभर बघायला नको.

गाडी हवा घेतेय का

थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्या मधलं रबर, त्याचे क्लॅम्प, आणि थ्रॉटल बॉडीवरच्या बारीक नळ्यांच्या टोप्या. स्लोला थ्रॉटल जवळपास बंद असतो, इंजिन जीव खाऊन हवा ओढत असतं, त्यामुळे केसाएवढी फट असली तरी त्या एका सिलिंडरचं मिश्रण लीन होतं आणि स्लो डगमगतं. थ्रॉटल उघडला की तेवढी हवा कुठल्या कुठे मुरते, म्हणूनच या दोषात गाडी पळते छान आणि सिग्नलला रडते. वास्तविक हाच सगळ्यात हमखास पुरावा आहे.

ज्यांनी पेट्रोलची वाफ धरणारा चारकोलचा डबा काढून टाकलाय त्यांनी इथे दोनदा बघावं. तो काढल्यावर मोकळ्या राहिलेल्या नळीला टोपी लावतात, ती रबरी टोपी उन्हात कडक होते, चिरते, एक दिवस गळून पडते. टोपी एका बाजूची गेली की एकच सिलिंडर बिघडतो.

तपासायला चालू गाडीत जोडावर साबणाचं पाणी हलकं फवारा. स्लो क्षणभर बदललं, फुगे आत ओढले गेले, तर जागा सापडली. काही जण कार्ब क्लीनर मारतात, स्लो वाढलं की फट तिथेच, युक्ती चांगली आहे, पण तापलेल्या सायलेन्सरच्या इतक्या जवळ पेट घेणारा स्प्रे मारायचा म्हणजे काय ते तुमचं तुम्ही ठरवा, नवख्याने साबणाच्याच पाण्यावर भागवावं. बेंडपाईप हेडला जिथे बसतो तिथलं गॅस्केटही बघून घ्या. तिथे काळी काजळी उमटली असेल तर गळती आहे, आणि ती ऑक्सिजन सेन्सरला फसवते.

पेट्रोल

फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉलला पाणी प्रिय. रोज फिरणाऱ्या गाडीत काही होत नाही, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाकून ठेवलेल्या गाडीत, त्यातही कोकणात, टाकी अर्धी रिकामी असेल तर इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. पंपही तळाशीच असतो. म्हणजे इंजिनला पहिला घोट त्याच थराचा.

थोडं पेट्रोल तळातून काचेच्या बाटलीत काढा, तासभर न हलवता ठेवा, उजेडाकडे धरून बघा. दोन थर दिसले तर ॲडिटिव्ह ओतत बसू नका, टाकी रिकामी करून ताजं भरा. नुसतं जुनं झालेलं असेल, वास उग्र वार्निशसारखा, तरी तेच. गाडी उभी करून ठेवायचीच असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, आत हवाच कमी राहते.

पाणी टाकीत शिरायची आणखी एक वाट आहे जी मॅन्युअल वाचून कळत नाही. टाकीच्या झाकणाभोवती साचणारं पावसाचं पाणी खाली जायला एक बारीक नळी असते, तिचं खालचं टोक इंजिनच्या मागे कुठेतरी लोंबत असतं. ते चिखलाने बुजतं, नाहीतर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, तिला असली भोकं फार आवडतात. मग झाकणाखाली तळं साचतं आणि पुढच्या वेळी झाकण उघडलं की सगळं आत. वरून थोडं पाणी सोडून खालून निघतंय का बघा, नसेल निघत तर पातळ तार घाला. असंच एअर बॉक्सचं, उंदरांना तिथे कापूस, कागद भरून ठेवायला सोयीचं पडतं, फिल्टर काढून एकदा टॉर्च मारा.

इंजेक्टर तुंबला असेल तर एकच सिलिंडर लीन होतो, प्लग पांढरा. इंजेक्टर क्लीनर टाकीत घालून दोन टाक्या चालवून बघायला हरकत नाही, मात्र नीट काम करायचं तर इंजेक्टर काढून मशीनवर साफ करून दोघांचा फवारा शेजारी शेजारी बघतात. हे पुण्या-मुंबईतच नाही, आता तालुक्याच्या गावीही होतं.

थ्रॉटल आणि बॅलन्स

ॲक्सिलरेटरच्या केबलला थोडी ढील हवी, मूठ जरा फिरल्यावर केबल ताणली गेली पाहिजे. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवल्यावर स्लो वाढत असेल तर केबल कुठेतरी ओढली जातेय, वाट बदला. नवीन उंच हँडल लावलेल्या गाड्यांत हे हमखास.

थ्रॉटल बॉडीत कडेला काळं कडं साचतं, थ्रॉटल बॉडी क्लीनरने कपडा ओला करून पुसा. पुसल्यावर स्लो थोडे दिवस वेगळं वाटू शकतं.

बॅलन्स म्हणजे दोन्ही सिलिंडर स्लोला सारखी हवा ओढतायत की नाही. यासाठी महागडे गेज मिळतात, पण पारदर्शक प्लॅस्टिकची चार-पाच मीटर नळी इंग्रजी यू आकारात एका फळीला बांधा, अर्ध्यापर्यंत टू-स्ट्रोकचं ऑईल भरा, दोन टोकं दोन्ही बाजूंच्या व्हॅक्यूमच्या तोट्यांना लावा, झालं मीटर. ऑईल ज्या बाजूला वर चढतं त्या बाजूला ओढ जास्त, म्हणजे तिकडचा थ्रॉटल जास्त मिटलेला. फळी उंच ठेवा आणि किल-स्विचवर बोट ठेवूनच गाडी चालू करा, फरक मोठा असेल तर ऑईल एका सेकंदात इंजिनात जातं. टू-स्ट्रोकचंच घ्या म्हणतो ते त्यासाठीच, गेलंच तर जळून जाईल.

बघायला हरकत नाही, पण फिरवायला मात्र घाई नको. थ्रॉटल बॉडीवर ज्या स्क्रूला कारखान्यात रंगाचा ठिपका लावलाय तो तुमच्यासाठी नाही. कुठला फिरवायचा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या त्या गाडीचं दिलेलं असतं. आणि बॅलन्स नेहमी टॅपेटनंतर, टॅपेट चुकलेले असताना केलेला बॅलन्स टिकत नाही.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

लोकांचा समज असा की टॅपेट वाजला तरच बघायचा. खरं तर व्हॉल्व्ह सीटमध्ये घासून आत बसत जातो तशी गॅप कमी होते, आवाज बंद होतो, मालक खूश, आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. गरम झाल्यावर धातू फुगतो, आणखी थोडा उघडा राहतो, कॉम्प्रेशन निसटतं, स्लो रफ. असं बरेच दिवस चाललं तर व्हॉल्व्ह जळतो.

६५० ला आठ व्हॉल्व्ह, सेटिंग स्क्रू आणि लॉकनटचं, म्हणजे फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि धीर असेल तर घरी जमण्यासारखं. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, गॅप किती ते मॅन्युअलमधून घ्या, इन्टेक आणि एक्झॉस्टची वेगळी असते. नवखे फसतात ते एका ठिकाणी, २७० अंशाचा क्रँक असल्याने दोन्ही पिस्टन एकदम वर येत नाहीत, तेव्हा एका सिलिंडरचे चार झाले की क्रँक फिरवून दुसऱ्याच्या खुणेवर आणायचा. त्याच जागी आठही सेट केले तर दुसऱ्या सिलिंडरचे चुकणारच. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा सरकतो, आवळल्यावर गेज परत घालून बघा.

टॅपेट बरोबर, प्लग-करंट-पेट्रोल बरोबर, तरी एक सिलिंडर आळशी, तर कॉम्प्रेशन गेज. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, दोन्ही प्लग काढून, पंपाचा आणि करंटचा फ्यूज काढून स्टार्टर मारा. दोन्हीत दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. एक फारच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल घालून परत मोजा, आकडा वर आला तर रिंग, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथून पुढे गॅरेज.

कार्बवाल्या आणि आर डी

फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेली राजदूत ३५०, म्हणजे आपली आर डी, अजून पुण्या-कोल्हापुरात जिवापाड सांभाळलेली दिसते. तिला दोन मिकुनी कार्ब, दोन पॉइंट, त्यामुळे डावं-उजवं करायला मजा येते. महिनाभर उभ्या गाडीत पहिला संशयित पायलट जेट (कार्बमधून स्लोचं पेट्रोल देणारा बारीक तुकडा), त्याचं भोक इतकं बारीक की सुकलेल्या पेट्रोलचा एक कण पुरतो. तार घालू नका, भोक मोठं होतं, क्लीनर आणि हवा. मग दोन्ही पॉइंटची गॅप आणि टायमिंग, आणि त्यानंतरच कार्ब. एअर स्क्रू दोन्हीकडे हळूच पूर्ण आत बसवून सारखेच साधारण दीड फेरे बाहेर घ्या, तिथून बारीक सेटिंग.

स्लाईड (कार्बमधले मुठीने वरखाली होणारे पडदे) सारख्या उचलतायत का बघायला एअर फिल्टर काढून दोन्ही कार्बच्या तोंडात एकेक बोट घाला (गाडी बंद), मूठ हळू फिरवा, दोन्ही बोटांना टिचकी एकदम लागली पाहिजे. चालू गाडीत जुने मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बच्या तोंडाजवळ धरून हवेचा सूं आवाज ऐकतात, आधी एक मग दुसरा, आणि सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवतात. सवय झाली की हे गेजच्या तोडीचं जमतं. केबल एकीची तीन होते, दोन कार्बना आणि एक ऑईल पंपाला, तर कार्बच्या केबल ओढल्यावर पंपाची खूणही जुळवायची, ती राहिली की पिस्टन जाम व्हायची पाळी येते.

एवढं करूनही एक सिलिंडर स्लोला मधेच आपोआप चढतो आणि खाली यायला वेळ लावतो, तर क्रँकची सील गेली असेल. क्लचच्या बाजूची गेली तर गिअरचं ऑईल ओढून धूर, दुसऱ्या बाजूची गेली तर हवा ओढून लीन. ती गाडी त्या अवस्थेत लांब नेऊ नका.

मेकॅनिककडे जाताना

वॉरंटीत असलेली गाडी असेल तर प्लगच्या पुढे स्वतः काही उघडू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या. कुठेही नेलीत तरी "स्लो बघा जरा" असं सांगू नका. सांगायचं ते असं: गरम झाल्यावरच होतं, उजवा बेंडपाईप गार राहतो, प्लग अदलाबदल करून पाहिले, तरी उजवाच, कॅप बदलली, तरी उजवाच, रबराला साबण मारला, हवा घेत नाही. दोन्ही जुने प्लग डावा-उजवा लिहून पिशवीत घालून सोबत न्या, मिसिंगचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या कारण गॅरेजच्या दारात गाडी हटकून शहाण्यासारखी चालते. आणि शक्य असेल तर गाडी आदल्या रात्रीच सोडा, म्हणजे सकाळी त्याला टॅपेट गार इंजिनवर बघता येतील.